मोहरीची काडतुसं

"चमचा खाली ठेव. दोन्ही हात वर. आणि तो फोन उचलून गाईंच्या गोठ्यात टाकून ये, मिसेस, आत्ताच्या आत्ता."

शेजारचा म्हातारा एवढ्या जोरात ओरडला, की खिडकीबाहेर चरणाऱ्या मेंढ्यांनी एकदम माना वर केल्या. कासलबारच्या मोठ्या इस्पितळात कानाच्या वॉर्डातले दोन-चार पेशंट त्या आवाजानं बरे होऊन घरी गेले असणार, याबद्दल मला शंका नाही. मी हात वर केले. एका हातात चिमुकला पितळी चमचा, दुसऱ्या हातात फोन, आणि फोनमधून पुण्याची मावशी विचारतेय, "अगं, आज भाजी काय केलीस?"

"कितव्यात घालत होतीस?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"सतराव्या. नाहीतर अठराव्या."

"झालं. तू मेलीस, तुझ्या शेजारी उभा असलेला मेला, आणि बहुतेक मीही मेलो. सगळं ओत. पहिल्यापासून सुरू कर."

मी सगळं ओतलं. टेबलावर एक लाकडी ठोकळा होता, त्याला ओळीनं भोकं पाडलेली होती आणि भोकांत बॉलपेनांची टोपणं उभी होती, तोंडं वर करून. टोपणांच्या टोकांची छिद्रं म्हाताऱ्यानं मेणानं बुजवली होती. टोपणांत मोहरी जायची, मोहरीवर वाळलेला वाटाणा बसायचा. टोपण म्हणजे पितळेची पुंगळी, मोहरी म्हणजे दारू आणि वाटाणा म्हणजे गोळी. अशा थाटात आयर्लंडच्या पश्चिम टोकाला, मेयोच्या रानात, कोथरूडच्या एका सुनेला पिस्तुलाची काडतुसं भरायचं शिक्षण दिलं जात होतं.

खरी काडतुसं घरी भरायला या देशात परवानगी नाही. भरलीत, तर गार्डा म्हणजे इथले पोलीस, दारात येतात आणि ते चहा प्यायला आलेले नसतात. म्हातारा कायद्याला इतका घाबरून होता, की घरात फटाक्याची टिकलीसुद्धा ठेवत नसे. पण तारुण्यातली तीस-एक वर्षं त्यानं कॅनडात काढली होती. तिथं त्याच्या गॅरेजात काडतुसं भरायचं अख्खं दुकान होतं. वापरलेली पुंगळी साफ करायची, बुडाशी ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, मोजून दारू घालायची, वर गोळी दाबायची, की झालं काडतूस पुन्हा नवं. इथं परतल्यावर बोगच्या, म्हणजे दलदलीच्या माळाच्या, पलीकडच्या नेमबाजीच्या रेंजवर एक कुलूपबंद खोली होती, तिला तसली परवानगी होती, आणि त्या खोलीत म्हातारा राजा होता. आता मात्र त्याचे डोळे गेले होते. पूर्ण नव्हते गेले. गाय आणि ट्रॅक्टर यांतला फरक त्याला कळायचा, पण चमचा भरलाय की रिकामा हे कळत नव्हतं. आणि हे कळत नसलेल्या माणसानं त्या खोलीत बसू नये, हा नियम त्यानंच केला होता.

त्या खोलीच्या भिंतीला मोजक्याच खुंट्या होत्या. एका खुंटीवर एकाचा डोळे सांभाळायचा चष्मा, खाली त्याचं नाव. जेवढ्या खुंट्या तेवढीच माणसं. म्हाताऱ्याची खुंटी रिकामी होणार होती.

ती मला हवी होती.

हसू नका. मी या देशात आले ती नवऱ्याच्या व्हिसाला चिकटून, पाकिटाला तिकीट चिकटतं तशी. तो रोज गाडी काढून गॉलवेला जातो, हृदयात बसवायच्या इवल्या नळ्यांच्या कंपनीत कॉम्प्युटर सांभाळतो. मी आधी पुण्यात चांगली लॅब सांभाळत होते. इथं मला बँक विचारते, मिस्टर काय करतात. दाताचा डॉक्टर विचारतो, मिस्टर काय करतात. एकदा टपाल टाकायला गेले, तर पोस्टाच्या पेटीनंही विचारलं असतं, पण तिचं तोंड माझ्या पाकिटानं भरलेलं होतं. सबंध आयर्लंडात माझ्या नावाची एक खुंटी नव्हती. एका रविवारी म्हातारा मला रेंज दाखवायला घेऊन गेला. गोळीबारात मला काडीचा रस वाटला नाही, नुसता कानाला त्रास. पण ती खोली बघितली. पांढरा दिवा, तराजू, झाकणबंद डबे, हात धुवायला सिंक आणि बोलायला बंदी. लॅबच ती. मला तिथं रडू आलं. म्हाताऱ्याला वाटलं दारूचा वास डोळ्यांत गेला.

"शिकशील?" त्यानं विचारलं.

"शिकेन की. स्वयंपाकच तर आहे."

हे वाक्य मी बोलले नसते तर पुढचे तीन महिने सुखात गेले असते. म्हातारा म्हणाला, "कॅनडात माझ्या ओळखीच्या एकानं असंच म्हटलं होतं," आणि त्यानंतर रोज मला कॅनडातला एकेक मेलेला, भाजलेला किंवा मिशी गमावलेला माणूस ऐकावा लागला.

एक जण होता, तो टीव्हीवर बर्फावरची हॉकी बघत बघत काडतुसं भरायचा. पिस्तुलाच्या पुंगळीत दारू लागते अगदी जराशी, पुंगळी अर्धीसुद्धा भरत नाही. म्हणजे चुकून दोनदा घातली तरी वरून गोळी छान बसते आणि कोणाला पत्ता लागत नाही. याच्या टीमनं गोल केला, की हा नाचून यायचा आणि ज्या पुंगळीत घातली तिच्यातच पुन्हा घालायचा. टीम जिंकली. पुढच्या शनिवारी पिस्तूल तीन दिशांना गेलं आणि मिशीचा डावा भाग, म्हातारा म्हणतो, अजून सापडलेला नाही. दुसऱ्यानं दोन वेगळ्या दारूचे डबे एकाच वेळी टेबलावर उघडे ठेवले. दोन्ही काळ्या, दोन्ही बारीक, आणि संध्याकाळी उरलेली दारू त्यानं प्रेमानं चुकीच्या डब्यात परत ओतली. तिसरा दारू घालायलाच विसरला. गोळी निघाली, नळीच्या मध्यावर जाऊन बसली. यानं म्हटलं आवाज बारीक आला, बघू दुसरी, आणि तिच्या मागून दुसरी हाणली. नळी शेळी गिळलेल्या अजगरासारखी फुगली. चौथ्याला सगळं पाठ होतं. तो दारूच्या मापांच्या पुस्तकात बघायचाच नाही.

"मग त्याचं काय झालं?" मी विचारलं.

"त्याच्याबद्दल आपण बोलत नाही," म्हातारा म्हणाला आणि टोपी काढली.

आता हे मी वाढवून सांगत नाहीये. वाढवायचं काम म्हाताऱ्यानं आधीच केलं होतं, मी उलट थोडं सौम्य करूनच लिहिते आहे.

माझी अडचण वेगळीच होती. म्हातारा म्हणायचा, चमचा भर आणि पत्त्यानं वरून सपाट कर. खेळायचा पत्ता, चौकट गुलाम. पण ज्या घरात मी वाढले तिथं सपाट माप ही दुकानदाराची लबाडी समजली जाते. माप कसं, शीग लावून हवं. आणि शीग लावल्यावर वर आणखी एक चिमूट, पोरंबाळं आहेत म्हणून. माझा हात आपोआप ती चिमूट उचलायला जायचा. म्हाताऱ्याला डोळ्यांनी दिसत नसे, तरी ती चिमूट त्याला कळायची.

"काय केलंस आत्ता?"

"काही नाही. थोडं अंदाजानं."

"अंदाजानं," म्हातारा म्हणायचा आणि पुन्हा टोपी काढायचा. पाच मिनिटं शांतता पाळून झाली, की सगळं ओत, पहिल्यापासून.

या सगळ्यात मोहरी कुठून आली, तर सासूबाईंच्या पेटीतून. सासूबाई कोल्हापुराकडच्या, सहा महिन्यांसाठी आल्या होत्या, आणि आयर्लंडात मोहरी मिळत नाही अशा पक्क्या समजुतीनं विमानात बसल्या होत्या. एवढी मोहरी घेऊन आल्या, की विमान उतरताना डाव्या अंगाला कललेलं सगळ्यांनी पाहिलं. म्हाताऱ्यानं आधी साखरेवर शिकवायचा प्रयत्न केला होता, पण मेयोच्या दमट हवेत साखर चमच्याला चिकटते. मोहरी चिकटत नाही, घरंगळते, काळी असते, दारूसारखी दिसते. मी एक डबाभर मोहरी म्हाताऱ्याकडे नेऊन ठेवली.

डबा हा सासूबाईंचा दुखरा विषय होता. आल्याच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी म्हाताऱ्याला शेजारधर्म म्हणून स्टीलच्या डब्यातून थालीपीठ पाठवलं. म्हाताऱ्यानं थालीपीठ खाल्लं, डबा असा घासला, की त्यात तोंड बघून दाढी करावी, आणि रिकामा आणून दिला. सासूबाईंनी झाकण उघडलं आणि आत बघत राहिल्या.

"काय न्हाई यात."

"आई, तो परत करायला आला होता. इकडं असंच असतं."

"एवढी जमीन हाय, गुरं हाईत. दोन बटाटं घालाय काय झालं हुतं? साखरंची चिमूट तर घालायची. रिकामं भांडं दुसऱ्याच्या दारात न्याचं म्हंजे काय."

तरी त्या पाठवत राहिल्या. पिठलं गेलं, पुरणपोळी गेली, तांबड्या रश्श्यानं म्हाताऱ्याला दोन दिवस बोलता आलं नाही. डबा दर वेळी परत आला, चकचकीत आणि रिकामा. दर वेळी म्हातारा दारात उभा राहून म्हणायचा, "ग्रँड, मिसेस, ग्रँड." इकडची माणसं सगळ्याला ग्रँड म्हणतात, पावसाला, परीक्षेला आणि पाय मोडल्यालासुद्धा. सासूबाई दर वेळी झाकण उघडून आत बघायच्या. माणसाला सुधारायची संधी द्यावी, म्हणायच्या.

परीक्षा ठरली. परीक्षक म्हणजे रेंजची सेक्रेटरी, उंच बाई, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट, आणि तिला हसताना कोणी पाहिलं असेल तर ते गेल्या शतकात. म्हाताऱ्यानं बजावलं, खऱ्या दारूला ती तुला हात लावू देणार नाही, आधी ही टोपणं आणि मोहरीच, तीही घड्याळ लावून. एक चूक, आणि खुंटी दुसऱ्याला. बॉलिना गावाकडचा एक जण रांगेत उभा आहे.

आदल्या दिवशी सराव करायला मी ठोकळा घरी आणला. दिवसभर भरलं, ओतलं, भरलं, ओतलं. नवरा गॉलवेहून आला, त्यानं फोडणीचं तेल तापवलं आणि सगळीकडे मोहरी शोधली.

"अगं, ऑफिसात लोक विचारतात बायको काय करते. काय सांगू?"

"सांग, पिस्तूल भरते."

"सांगितलं. तेव्हापासून माझी सुट्टी कोणी नाकारत नाही."

मग मी टोपणं कोमट पाण्यानं धुतली, पुसली, कोरडी केली, ठोकळ्यात तोंडं वर करून उभी केली, ठोकळा बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवला, झाकण लावलं आणि डबा दाराशी ठेवला. सासूबाईंनी विचारलं, "ही कुणाचं?" मी म्हटलं, "म्हाताऱ्याचं. उद्या परत न्यायचंय." आणि केस धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, एकटी घरात बसून काय करू, मीही येते. त्या मागच्या सीटवर डबा मांडीवर घेऊन बसल्या. म्हातारा पुढं बसला. बोगमधला रस्ता असा आहे, की त्यावरून गेलं की पोटातलं जेवण कोणत्या क्रमानं खाल्लं होतं हे आठवतं. डबा मात्र त्यांनी हलू दिला नाही.

खोलीत सेक्रेटरी उभी होती. भिंतीवर खुंट्या. म्हाताऱ्यानं आपला चष्मा आधीच काढून घेतला होता, त्यामुळे एक रिकामी. मी तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि बघितलं. सासूबाईंना दाराशी बाकावर बसवलं. मी डबा उघडला, ठोकळा टेबलावर ठेवला, चमचा, पत्ता आणि मोहरीचा डबा उजवीकडे, वाटाणे डावीकडे.

"सगळी रिकामी आहेत?" सेक्रेटरीनं विचारलं.

"हो. मी स्वतः धुतलीत काल."

म्हाताऱ्यानं खोकला काढला. मला वाटलं दमट हवेचा.

मी चमचा भरला, गुलामानं सपाट केला, पहिल्या टोपणात ओतला. आणि थांबले.

आता मोहरी कशी पडते हे ज्यानं जन्मभर स्वयंपाक केलाय त्याला सांगावं लागत नाही. रिकाम्या प्लॅस्टिकच्या टोपणात ती पडते तेव्हा टिकटिक वाजते, पत्र्यावर पाऊस पडल्यासारखी. गेले तीन महिने मी तो आवाज झोपेतसुद्धा ऐकत होते. आणि आत्ता काही वाजलंच नाही. मोहरी पडली ती उशीवर डोकं पडावं तशी, मुकाट.

माझ्या पाठीवरून असं काही उतरलं, की त्याच्यापुढे मेयोचा जानेवारी म्हणजे उन्हाळ्याची सुट्टी. पुढचं टोपण समोर होतं. चमचा हातात होता. सेक्रेटरी घड्याळाकडे बघत होती. मी पुढं गेले असते तरी वरून कोणाला काही दिसलं नसतं. वाटाणा छान बसला असता.

"थांबा," मी ओरडले. माझ्याच कानाला तो आवाज म्हाताऱ्याचा वाटला. मी चमचा खाली ठेवला, दोन्ही हात वर केले आणि मग कोणाला काय करावं सुचेना, म्हणून सेक्रेटरीनंही हात वर केले.

टॉर्च घेतला. दुसऱ्या टोपणात बघितलं. तळाशी मोहरी. तिसऱ्यात मोहरी. शेवटच्या ओळीतल्या शेवटच्या टोपणात मोहरी. प्रत्येकात एक चिमूट, अगदी एका चमच्याएवढी, मापून घातल्यासारखी. कॅनडातल्या हॉकीवाल्यालासुद्धा एवढं सुबक जमलं नसतं.

मी सगळी टोपणं एकेक करून कापडावर उलटी केली, ठोकली, टॉर्चनं बघितली. ती सगळी मोहरी वेगळ्या भांड्यात टाकली, डब्यात परत नाही. मग पहिल्यापासून सुरू केलं. वेळ केव्हाच संपला होता. कोणी थांबवलं नाही, म्हणून मी शेवटचा वाटाणा दाबेपर्यंत थांबले नाही.

"कोणी भरली ती?" म्हातारा गरजला. खोलीत बोलायला बंदी होती, ती त्यानंच घातलेली. "त्या टोपणांत कोणी घातलं?"

मी मागं वळून बघितलं. सासूबाई बाकावर बसून पदराला पीळ देत होत्या. इंग्रजी त्यांना येत नाही, पण ओरडणं कोणत्या भाषेतही कळतं.

"आई, टोपणांत मोहरी तुम्ही घातली?"

"घातली की. त्येचं भांडं हुतं न्हवं? तू नुसतंच धून ठेवलंस. मोकळं कसं न्याचं? बारीक बारीक इतकी भांडी, समद्यांत चिमूट चिमूट घातली. एक बी सोडलं न्हाई."

मी हे इंग्रजीत सांगितलं. आमच्याकडे दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत, साखरेचा कण तरी घालतात, आणि माझ्या सासूबाईंनी पन्नास भांड्यांचा शेजारधर्म एका संध्याकाळी पाळला. सांगताना मला कळत होतं, की खुंटी बॉलिनाला निघाली आहे.

म्हाताऱ्यानं मान सासूबाईंच्या बाकाकडे वळवली. मग हळूच म्हणाला, "म्हणजे मी ते सगळे डबे..." माणसाचे कान एवढे लाल होऊ शकतात हे मी त्या दिवशी पाहिलं. त्या उजेडात दिवा न लावता काडतुसं भरता आली असती.

सेक्रेटरीनं टॉर्च घेऊन माझी भरलेली टोपणं तपासली. काही वाटाणे उपटून आत बघितलं. चिमूट कुठंही जास्त नव्हती.

"एक चूक आहे," ती म्हणाली. "कोणती, ते तूच सांग."

"मी म्हणाले, मी स्वतः धुतलीत. बघितलं नाही."

"तीच चूक सगळे करतात. घरी काम करणारे सगळे. त्यांना वाटतं घर आपलं आहे, त्यामुळे घरात काय झालं ते आपल्याला माहीत आहे." तिनं वाटाणे परत ठेवले. "पण पहिल्याच चमच्याला थांबलीस. मी इथं बसायला लागले तेव्हापासून पहिल्याला थांबलेलं कोणी पाहिलं नाही. वेळ संपल्यावर बहुतेक जण घाई करतात, तू तीही केली नाहीस."

मग तिनं खिशातून एक मार्कर काढला, खुंटीखालची म्हाताऱ्याची पट्टी उलटी केली आणि मला म्हणाली, "नावाचं स्पेलिंग सांग, सावकाश. आणि एक अट. यापुढे घरातून या खोलीत काहीही यायचं नाही. ठोकळा नाही, टोपण नाही, मोहरीचा एक दाणा नाही."

माझं नाव त्या पट्टीवर मावलं नाही, शेवटची दोन अक्षरं भिंतीवर गेली. ती अजून तिथं आहेत. मी दर गुरुवारी चष्मा काढून त्या खुंटीला लावते, आणि खोली बंद करायच्या आधी एकदा मागं वळून बघते, खुंटी पडली नाही ना.

त्याच संध्याकाळी म्हातारा आमच्या दारात आला. अंगात कोट, गळ्यात टाय, हातात सासूबाईंचा स्टीलचा डबा. आजवर परत आलेल्या सगळ्या डब्यांच्या वतीनं तो डबा जड होता, हे त्याच्या धरण्यावरून कळत होतं. त्यानं तो सासूबाईंच्या हातात दोन्ही हातांनी दिला, टोपी काढली आणि म्हणाला, "भरलेला आहे, मिसेस. आज भरलेला आहे."

मी ते मराठीत सांगितलं. सासूबाईंचा चेहरा उजळला. त्यांनी आधी डबा कानाशी हलवून बघितला, मग झाकण उघडलं, आत बोटं घातली, चार दाणे तळहातावर घेतले आणि दिव्याखाली धरले. म्हातारा वाट बघत उभा होता. मी वाट बघत उभी होते.

"ही आपलीच मव्हरी हाय," सासूबाई म्हणाल्या.